सवलत नको, पण पॉपअप आवर!

या महिन्यात पत्रं इतकी आली की निवडताना घाम फुटला, आणि त्यातली अर्धी एका वाक्याची, "ताई हे बंद कसं करायचं" आणि खाली स्क्रीनशॉट. बंद कसं करायचं ते सांगतेच, पण मी बरीच वर्षं वेबसाइट बनवणाऱ्यांच्या बाजूला बसलेली बाई आहे, त्यामुळे ते चालू कोणी केलं आणि का हेही सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. बहुतेक वेळा कारण एकच, तिकडे कोणाच्या तरी रिपोर्टमध्ये एक आकडा वाढतो म्हणून.

प्रश्न: ताई, कुठलीही साइट उघडा, आधी ती कुकीची पाटी. 'सगळं स्वीकारा' हे मोठ्ठं रंगीत बटण आणि नको म्हणायचं तर 'सेटिंग्ज'मध्ये जा, मग तिथे न संपणारी यादी. एकदा नाही म्हटलं तरी काही दिवसांनी परत तेच. आता मी डोळे मिटून 'स्वीकारा' दाबते. यात माझं नक्की काय जातं?
— डोळे मिटून दाबणारी

उत्तर: लगेच काही जात नाही, म्हणून तर सगळे दाबतात. कुकी ही मुळात वाईट वस्तू नाहीच हो. १९९४ साली नेटस्केपमधल्या लू मोंटुली नावाच्या इंजिनियरने ती काढली, कारण वेब सर्व्हरला स्मरणशक्तीच नव्हती, प्रत्येक क्लिकला तुम्ही त्याच्यासाठी नवीन माणूस. मग बास्केटमध्ये काय टाकलंय हे लक्षात कसं ठेवणार, तर तुमच्याच ब्राउझरमध्ये एक छोटी चिठ्ठी ठेवून द्यायची. तुमचं लॉगिन टिकतं ते याच चिठ्ठीमुळे, आणि असल्या गरजेच्या कुकीसाठी परवानगी विचारावी लागतच नाही. पाटी लागते ती दुसऱ्या जातीच्या कुकीसाठी, म्हणजे तुम्ही बातम्या वाचताय एका साइटवर आणि चिठ्ठी ठेवतोय भलताच कोणीतरी, जो उद्या तुम्हाला दुसऱ्या साइटवर ओळखणार आहे.

२५ मे २०१८ पासून युरोपात जीडीपीआर, म्हणजे लोकांची खाजगी माहिती जपायचा कायदा, लागू झाला आणि पाट्यांचं पीक आलं. लोक कायद्याला शिव्या घालतात, पण नकाराचं बटण तीन पडद्यांच्या मागे लपवा असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही, ती कलाकारी कंपन्यांची. फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामक संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये नेमक्या याच कारणासाठी गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड जाहीर केला, की स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक, हे चालणार नाही. त्याच वर्षी गुगलने युरोपात 'सगळं नाकारा' असं सरळ बटण आणलं. म्हणजे जमत होतं, करायचं नव्हतं.

सेटिंग्जमध्ये शिरलातच तर एक गंमत बघा. पहिल्या टॅबवर सगळी बटणं बंद दिसतात, तुम्हाला वाटतं झालं काम. शेजारी अजून एक टॅब असतो, 'लेजिटिमेट इंटरेस्ट' नावाचा, म्हणजे 'आमचं कारण रास्त आहे, तुमचा होकार कशाला' असं म्हणणाऱ्यांचा, आणि तिथे तीच मंडळी आधीपासून चालू करून ठेवलेली असतात. तिथे 'हरकत आहे' असं वेगळं दाबायला लागतं. हे ज्याने डिझाइन केलं त्याला नक्की प्रमोशन मिळालं असणार.

परत परत का विचारतात तर तुमचा नकारही कुकीतच लिहून ठेवतात! कुकी पुसली, प्रायव्हेट विंडो वापरली की नकारही गेला. सफारीत तर पानावरच्या स्क्रिप्टने ठेवलेली कुकी ७ दिवसांनी आपोआप उडते, त्यामुळे तिथे हा प्रश्न जास्तच.

आता उपाय. फायरफॉक्स वापरत असाल तर युब्लॉक ओरिजिन नावाचं जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका आणि त्याच्या फिल्टर लिस्टमध्ये कुकी नोटिसची यादी टिक करा, पाटीच दिसत नाही. पाटी लपवली म्हणजे होकार दिला असं होत नाही, निदान युरोपच्या नियमाने तरी. सफारी आणि फायरफॉक्स बाहेरच्यांच्या कुकींना स्वतःहूनच आवर घालतात. क्रोमने २०२० मध्ये या बाहेरच्यांच्या, म्हणजे थर्ड पार्टी, कुकी काढून टाकू असं सांगितलं, मग तारीख पुढे, मग अजून पुढे, आणि शेवटी बेतच गुंडाळला. तिथे सेटिंग्जमध्ये जाऊन तुम्हालाच ब्लॉक करावं लागेल. एकदाच करायचंय, करून टाका.

प्रश्न: मैत्रिणीशी नुसतं बोलले की नवीन सुटकेस घ्यायचीय, सर्च केलं नाही, काही नाही, आणि संध्याकाळी फोनवर सुटकेसची जाहिरात! फोन ऐकतो ना आपलं? आणि दुसरं म्हणजे सुटकेस घेऊन झाली तरी जाहिराती सुटकेसच्याच. मला किती सुटकेस लागतात असं वाटतं यांना?
— माइकवर पट्टी लावलेली

उत्तर: पट्टी काढा, फोनवर बोलताना समोरच्याला त्रास होत असेल. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासली, चोरून माइक चालू करून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. (काही ॲप स्क्रीनचं रेकॉर्डिंग करून बाहेर पाठवताना सापडली, पण त्यावर कोणी पट्टी लावत नाही.)

खरं सांगू का, ऐकायची गरजच नाही. तुम्ही सर्च केलं नाही, पण मैत्रिणीने घरी जाऊन केलं असेल, आणि तुम्ही दोघी एकाच वायफायवर होतात, एकमेकींच्या कॉन्टॅक्टमध्ये आहात, वय सारखं, आवडी सारख्या. तुम्ही महिनाभरापूर्वी प्रवासाची तिकिटं बघितली होती ते तुम्ही विसरलात, ते विसरले नाहीत. आणि त्या दिवशी दिसलेल्या बाकीच्या जाहिराती, गादीची, विम्याची, त्या तुमच्या लक्षातही नाहीत, कारण त्यांच्याबद्दल तुम्ही बोलला नव्हता.

घेतल्यानंतरही मागे लागतात त्याचं कारण मात्र बावळटपणा आणि हिशोब दोन्ही आहे. ज्याने जाहिरात लावली त्याने 'खरेदी केलेल्यांना वगळा' ही यादी जोडलेलीच नसते, किंवा तुम्ही घेतलीत भलत्या दुकानातून आणि याला ते कळलंच नाही. हिशोब असा की जो माणूस आधीच घ्यायला निघालाय त्याच्या डोळ्यासमोर जाहिरात नाचवली की तो घेतो, आणि रिपोर्टमध्ये लिहितात जाहिरातीमुळे विक्री झाली. तो तसाही घेणारच होता! पण तसं लिहिलं तर पुढच्या महिन्याचं बजेट कसं मागणार. जाहिरातीच्या कोपऱ्यातल्या छोट्या फुलीवर किंवा तीन टिंबांवर जाऊन 'ही दाखवू नका' करा, थोडा फरक पडतो. जाहिरातींच्या सेटिंगमध्ये पर्सनलायझेशन बंद केलंत तर जाहिराती तेवढ्याच येतात, फक्त सुटकेसच्या जागी काहीही.

प्रश्न: नमस्कार ताई, माझा छोटा व्यवसाय आहे. डिजिटल मार्केटिंगचं काम एका एजन्सीला दिलंय. दर महिन्याला सुंदर पीडीएफ येते, 'दोन लाख इम्प्रेशन्स', 'रीच दुप्पट', 'ईमेल ओपन रेट साठ टक्के', सगळे बाण वर. फोन मात्र वाजत नाही. आता म्हणतात एसइओचं, म्हणजे गुगल सर्चमध्ये साइट वर आणायचं, पॅकेज घ्या, गुगलवर पहिला नंबर गॅरंटी. घेऊ का?
— बाण वर, धंदा खाली

उत्तर: गॅरंटीचा विषय आधी संपवू. पहिल्या नंबरची हमी कोणीही देऊ शकत नाही हे खुद्द गुगलनेच आपल्या मदत पानांवर लिहून ठेवलंय, त्यामुळे हमी देणारा एकतर ते वाचत नाही किंवा तुम्ही वाचत नाही असं समजतो. आणि विचारा ना, पहिला नंबर कशासाठी? तुमच्या दुकानाचं नाव जसंच्या तसं टाइप केल्यावर पहिलं यायला पॅकेज लागत नाही, ते बहुतेक आपोआपच येतं. गिऱ्हाईक जे टाइप करतं त्यावर येणं हा खरा मुद्दा. पॅकेजमध्ये 'मेटा कीवर्ड टाकणे' (म्हणजे पानाच्या कोडमध्ये न दिसणारे शब्द भरणे) अशी ओळ असेल तर हात जोडून उठा, ते टॅग आम्ही रँकिंगसाठी बघत नाही असं गुगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केलेलं आहे.

आता ते दोन लाख. इम्प्रेशन म्हणजे जाहिरात पानावर आली, कोणी बघितली असं नव्हे. जाहिरातवाल्यांचं त्याहून कडक मोजमाप आहे 'व्ह्यूएबल', आणि ते कडक म्हणजे किती, तर बॅनरचा अर्धा भाग १ सेकंद स्क्रीनवर असला की पास, व्हिडिओला २ सेकंद. अंगठ्याने सरकवत जाणारा माणूस एवढ्यात पुढे निघून गेलेला असतो. ओपन रेटची तर अजूनच मजा आहे. मेल उघडला हे कळतं त्यात लपवलेल्या एका न दिसणाऱ्या चित्रावरून, ते चित्र लोड झालं की मेल उघडला असं धरायचं. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये प्रायव्हसीची सोय आली, ती चालू असेल तर चित्रं ॲपलच्याच सर्व्हरवरून आधीच लोड होतात, माणसाने मेलकडे ढुंकून बघितलं नाही तरी. तेव्हा साठ टक्क्यांवर खूश होऊ नका आणि घाबरूही नका, तो आकडा आता कोणाच्याच कामाचा नाही.

तुम्ही असं करा, एजन्सीशी भांडायच्या आधी स्वतःच्या फोनवरून स्वतःच्या साइटवरचा चौकशीचा फॉर्म भरा. आजच. आणि बघा तो मेल कुठे जातो. मी असे फॉर्म पाहिलेत जे सोडून गेलेल्या नोकराच्या पत्त्यावर जात होते, असे पाहिलेत जे थेट स्पॅममध्ये, आणि असेही की 'धन्यवाद, आम्ही संपर्क करू' दिसतं आणि मेल कुठेच जात नाही. अशा साइटवर जाहिरात करणं म्हणजे आंधळं दळतंय.

फॉर्म ठीक असेल तर सर्च जाहिरातींचा 'सर्च टर्म्स' रिपोर्ट मागा. ही ती यादी, लोकांनी खरोखर काय टाइप केलं तेव्हा तुमची जाहिरात दिसली. सुंदर पीडीएफमध्ये ती नसते. वाचायला बसलात की कळेल, तुमचे पैसे नोकरी शोधणाऱ्यांवर, 'फुकट' लिहून शोधणाऱ्यांवर आणि शाळेचा प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांवर गेलेत का. असले शब्द वगळता येतात, नेगेटिव्ह कीवर्ड म्हणतात त्याला, आणि एजन्सीने हे दर आठवड्याला करायचं असतं. करतात का ते बदलांच्या नोंदीत दिसतं, चेंज हिस्टरी उघडायला सांगा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, खरं तर आधीच लिहायला हवं होतं. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे? जाहिरातीचं अकाउंट, ॲनालिटिक्स, गुगलवरची व्यवसायाची नोंद, या सगळ्यात तुम्ही ॲडमिन आहात का, की 'आम्ही सांभाळतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका'? टेन्शन घ्या. रिन्यूअलचा मेल कोणाच्या पत्त्यावर जातो तेही बघा, कारण संबंध बिघडले की त्या दिवशी ज्याच्याकडे पासवर्ड त्याची साइट. सगळ्याच एजन्सी फसव्या नसतात, चांगली एजन्सी ॲक्सेस मागितल्यावर त्याच दिवशी देते. तुमची किती दिवस लावते त्यावरून तुम्हाला पुढचा निर्णय घेता येईल.

प्रश्न: ताई मी नुकतीच वेब डिझाइनची कामं घ्यायला लागलेय. क्लायंटला साइट उघडल्या उघडल्या पॉपअप हवाय, '१०% सवलत, ईमेल द्या'. होमपेजवर पाच फोटोंचा फिरता स्लायडर, आणि अक्षरं फिकट करड्या रंगाची कारण ती 'प्रीमियम' वाटतात. नको म्हटलं तर म्हणतात सगळ्यांकडे असतं. कसं पटवू?
— नवी डिझायनर

उत्तर: 'सगळ्यांकडे असतं' याच्याशी वाद घालू नकोस, कोणी जिंकलेलं नाही. तू त्यांना एक गोष्ट सांग. पॉपअपचा कोड लिहिणाऱ्यांपैकी एक ईथन झुकरमन, नव्वदच्या दशकात ट्रायपॉड नावाच्या कंपनीत होता. एका मोटार कंपनीची जाहिरात नको त्या पानावर दिसली आणि कंपनी भडकली, म्हणून जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडायची युक्ती काढली. २०१४ मध्ये त्याने लेख लिहून त्याबद्दल जाहीर माफी मागितली. ज्याने काढला तो सॉरी म्हणतोय आणि तुझा क्लायंट पैसे देऊन बसवून घेतोय.

गोष्टीने नाही वळले तर गुगलचं नाव काढ, त्याने सगळे वळतात. मोबाइलवर सर्चमधून आलेल्या माणसासमोर मजकूर झाकणारा पॉपअप आदळला तर ते पान खाली ढकललं जाऊ शकतं, हा नियम जानेवारी २०१७ पासून आहे. मग मध्यम मार्ग काढ, पॉपअप लगेच नको, दुसऱ्या पानावर किंवा मजकूर संपल्यावर, फुली अंगठ्याला सापडेल एवढी, आणि नकाराच्या बटणावर 'नको, मला जास्त पैसे द्यायला आवडतात' असला आगाऊपणा नको. येणारा माणूस सवलत वाचतही नाही गं, त्याचं भीक नको पण कुत्रं आवर झालेलं असतं, आणि सुटका करून घ्यायला तो काहीतरी खोटा ईमेल ठोकून देतो. क्लायंट म्हणेल बघ यादी वाढली. तू म्हण, महिन्याभराने यातल्या किती पत्त्यांवर मेल पोचला आणि किती जणांनी काही घेतलं तेवढं बघू.

स्लायडरबद्दल, नोत्र दाम विद्यापीठाच्या साइटवर २०१३ च्या सुमारास मोजलं होतं, १ टक्क्याच्या आसपास लोकांनी स्लायडरवर क्लिक केलं आणि त्यातल्या बहुतेकांनी पहिल्याच चित्रावर. स्लायडर असतो तो ऑफिसातल्या पाच विभागांची भांडणं मिटवायला, बघणाऱ्यासाठी नसतो. एकच चित्र ठेव. आणि त्याला कोडमध्ये रुंदी आणि उंची देऊन ठेव बाई, नाहीतर चित्र उशिरा येतं, सगळं पान खाली सरकतं आणि माणूस 'रद्द करा' दाबायला जातो ते 'ऑर्डर करा'वर पडतं. पानाचं हे उड्या मारणं गुगलही मोजतं, त्या आकड्याला सीएलएस म्हणतात, तो ०.१ च्या आत हवा.

करड्या अक्षरांना सरळ आकडा आहे, डब्ल्यूसीएजी, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या नियमावलीप्रमाणे, साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १. तपासायची साधनं फुकट मिळतात. पण क्लायंट आकड्याने नाही पटत, त्याला त्याचाच फोन घेऊन उन्हात उभं कर आणि सांग, साइटवरून तुमचा फोन नंबर शोधून दाखवा. मग गप्प बस. मध्ये एक शब्द बोलू नकोस, मदत करू नकोस. डोळे बारीक करून, हाताने सावली धरून तो शोधायला लागला की तुझं अर्धं काम झालं.

प्रश्न: नको असलेल्या मेलमधलं 'अनसबस्क्राइब' दाबावं की दाबू नये? एक जण म्हणतो दाबलं की त्यांना कळतं पत्ता चालू आहे आणि जास्त येतात.
— इनबॉक्स ओसंडलेला

उत्तर: दोन्ही बरोबर, मेल कोणाचा आहे त्यावर ठरतं. जिथून तुम्ही कधीतरी काही घेतलंय, नाव ओळखीचं आहे, तिथे दाबा, आणि शक्यतो मेलच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात असतं ते नको, मेल ॲपमध्ये वर पाठवणाऱ्याच्या नावाजवळ असतं ते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम केलाय की मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांनी, जीमेलच्या हिशोबाने दिवसाला ५,००० च्या वर, एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय द्यायचीच आणि २ दिवसांत ते अमलात आणायचं. 'तुम्ही का जाताय, आम्हाला वाईट वाटतंय' असला सर्व्हे भरायची गरज नाही.

अनोळखी मेल असेल, लॉटरी, वारसा, बंद पडत चाललेलं खातं, तर आतलं काहीही दाबू नका, स्पॅम करा आणि सोडा. आणि नाव काढूनही जो पाठवतच राहतो त्यालाही खुशाल स्पॅम करा, त्यांना ते फार लागतं, कारण स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या वर गेल्या की त्यांचे बाकीचे मेलही जागेवर पोचायचे बंद व्हायला लागतात. पहिला स्पॅम १९७८ साली गेला, चारशेच्या आसपास लोकांना, कॉम्प्युटरची जाहिरात म्हणून. लोक तेव्हाही भडकले होते.

प्रश्न: प्रत्येक साइट 'नोटिफिकेशन पाठवू का' विचारते. कायमचं नाही कसं म्हणायचं?

उत्तर: ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये साइट परमिशन, त्यात नोटिफिकेशन, तिथे 'कोणालाच विचारू देऊ नका'. एवढंच. चुकून आधी कोणाला 'अलाव' केलं असेल तर तीही यादी तिथेच खाली असते, बघा जरा, 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस' म्हणून येणाऱ्या धमक्यांचा उगम बऱ्याचदा त्याच यादीत सापडतो.

प्रश्न: 'मी रोबो नाही' सिद्ध करायला ट्रॅफिक सिग्नलची चित्रं निवडायची. सिग्नलचा खांब धरायचा की नाही धरायचा? यावरून आमच्या घरात वाद आहे. आणि हे करून फायदा कोणाचा?
— रोबो नसलेला (बहुतेक)

उत्तर: खांबाचा इतका विचार करू नका, एखाद्या चौकोनाने नापास होत नाही, बाकीचे लोक काय निवडतात त्याच्याशी तुमचं साधारण जुळलं की झालं. तुम्ही चित्रांपर्यंत पोचलात म्हणजेच 'मी रोबो नाही'वर टिक केलीत तेव्हाच चाचणी घेणाऱ्या प्रोग्रामला शंका आली होती, व्हीपीएन चालू असेल किंवा कुकी पुसलेल्या असतील तर असं होतं, म्हणजे प्रायव्हसी जपली म्हणून शिक्षा.

फायदा चाचणी चालवणाऱ्यांचा, आणि पहिल्यापासून. रीकॅप्चा, म्हणजे हीच चाचणी, २००७ मध्ये आलं आणि २००९ मध्ये गुगलने घेतलं, तेव्हा वाकडी अक्षरं यायची आठवतात? ती जुन्या वर्तमानपत्रांतली आणि पुस्तकांतली कॉम्प्युटरला न वाचता आलेली अक्षरं होती, आपण सगळ्यांनी मिळून ती वाचून दिली. नंतर स्ट्रीट व्ह्यूमधले घरांचे नंबरही आपल्याकडूनच वाचून घेतले. मजुरी शून्य. तेव्हा वाद मिटवा, खांब सोडून द्या, नुसते दिवे निवडा.

ता. क. पत्रासोबत स्क्रीनशॉट पाठवताना वर आलेला ओटीपीचा मेसेज झाकत जा हो, काहींनी बँकेचा शिल्लक आकडाही तसाच ठेवलाय. मी बघितला नाही. पण संपादकांनी बघितला.